सेव्हरल म्हणजे नुसतं 'अनेक' नव्हे

व्हेरियस (various) आणि सेव्हरल (several) हे दोन इंग्रजी शब्द कुठेही अदलाबदल करून चालतात, असं एक मत आहे, ते पटलं नाही. व्हेरियसमध्ये वेगळेपणा आहे, सेव्हरलमध्ये आज बहुतेक नुसती संख्या उरलीय. पण सेव्हरलचा मूळ अर्थ 'वेगळा, स्वतंत्र' असाच होता आणि कायद्याच्या इंग्रजीत तो अजून जिवंत आहे. कर्जाच्या कागदांवर 'जॉइंटली अँड सेव्हरली' असतं ना, ते म्हणजे सगळे मिळून आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही जबाबदार. चौघांनी सह्या केल्या आणि तिघांनी हात वर केले, तर बँक सगळी रक्कम एकट्या चौथ्याकडे मागू शकते!

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ मध्ये हेच तत्त्व आहे. भरणाऱ्याला इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करायचा हक्कही त्यातच दिलाय. सही करण्याआधी हा शब्द नीट समजून घ्या.