सल्ला हवाय: इंदूर-पुणे जुन्या विमानाने की नव्या? सोबत सासूबाई आहेत

सुदामानगरची_सून
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात पुण्याला नणंदेच्या मुलाची मुंज आहे. मी आणि सासूबाई (मी आईच म्हणते) दोघीच पुढे जाणार, हे मागून येणार. आई ७४ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रात्रभर ट्रेन आता झेपत नाही आणि स्लीपर बसचं नाव काढलं तर म्हणाल्या त्या वरच्या बर्थवर चढायला मी काय माकड आहे का. म्हणून विमान.

आता अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या (नाव नको) जुन्या विमानाने मुंबईला गेलो होतो तेव्हापासून आईंनी धसका घेतलाय. मे महिना, विमान जागेवर उभं, अर्धा तास एसी बंद, लोक ते सेफ्टी कार्ड घेऊन वारा घालतायत, माझ्या पुढचा ट्रे चिकटपट्टीने चिकटवलेला. मग एसी सुरू झाला तर वरून पांढरा धूर! आईंनी रामरक्षा सुरू केली. आणि त्यात खालून घर्र घर्र करून चक्क भुंकल्यासारखा आवाज, तर मला म्हणतात "अगं खाली सामानात कुणाचं कुत्रं अडकलंय का?"

आता ती कंपनी म्हणते जुनी विमानं काढून नवीन आणतोय. अ‍ॅपवर दोन फ्लाइट दिसतायत, सकाळच्याला ३२० लिहिलंय आणि संध्याकाळच्याला ३२एन, आणि ती दोघींची मिळून चौदाशे रुपयांनी महाग. ३२एन म्हणजे नवीन का? एवढे पैसे देण्यात अर्थ आहे का? आणि जुनं विमान खरंच धोक्याचं असतं का हो?

पोहे_डबल_सेव
हो ताई, ३२एन म्हणजे ए३२० निओ. निओ म्हणजे न्यू इंजिन ऑप्शन, बॉडी तीच, इंजिन नवीन. ३२क्यू दिसलं तर तेच जरा लांबुडकं, ए३२१ निओ. चौदाशे रुपयात सराफ्याच्या खाऊगल्लीत अख्खं खानदान जेवतं एवढंच सांगतो, बाकी तुमची मर्जी भिया (आपलं इंदुरी 'भैया').

सुदामानगरची_सून
भिया नाही, ताई 😄

हँगरवाले_काका
मी रिटायर्ड मेंटेनन्सवाला, आता टिळक नगरात असतो. तुमच्या आईंचं कुत्रं पहिल्यांदा सोडवतो. त्याला पीटीयू म्हणतात, पॉवर ट्रान्सफर युनिट. विमानात हायड्रॉलिकच्या वेगवेगळ्या लाइनी असतात, एका लाइनीत प्रेशर कमी पडलं की हे युनिट दुसऱ्या लाइनीच्या जोरावर तिला ढकलतं, आणि ते थांबत थांबत चालतं म्हणून भू भू ऐकू येतं. इंजिन चालू करताना किंवा एका इंजिनवर टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) हमखास. पंखांच्या जवळ बसलात तर पायाखालीच. म्हणजे ते कुत्रं राखण करतंय असं सांगा आईंना. आणि निओमध्येही ते आहे बरं का, नवीन विमान म्हणून गप्प बसणार नाही.

पांढरा धूर म्हणजे दमट हवेत गार एसीची वाफ, आपल्याकडे फ्रीझर उघडल्यावर येते तीच. एसी बंद होता म्हणता तर एपीयू बंद असणार, शेपटीतलं छोटं इंजिन असतं, जमिनीवर हवा आणि वीज तेच देतं. ते बिघडलेलं असलं तरी विमान नियमाप्रमाणे उडू शकतं, फक्त प्रवासी भाजून निघतात. चिकटपट्टीचा ट्रे हा मात्र निव्वळ आळस. भाड्याचं विमान मालकाला परत द्यायचं ठरलं की काही ठिकाणी आतल्या बारीकसारीक कामाकडे कोणी बघत नाही, हे मी डोळ्याने पाहिलंय. इंजिन नि चाकांच्या गिअरला मात्र तसं चालत नाही, तिथे सही करणाऱ्याचं लायसन्स जातं.

घाबरट_प्रवासी
पण काका, ते हवाई बेटांवर विमानाचं छप्पर उडालं होतं ना? जुनं होतं म्हणूनच ना?

हँगरवाले_काका
सासूबाईंना वाचून दाखवणार असाल तर हे वगळा. एप्रिल १९८८, बोइंग ७३७-२००, वय १९ वर्षं. पण वयापेक्षा मोठा आकडा म्हणजे ८९ हजारांच्या वर उड्डाणं, बेटाबेटांमध्ये छोटे छोटे टप्पे, वर खारी हवा. प्रत्येक उड्डाणात विमान आत हवा भरून फुगतं आणि उतरलं की परत सैलावतं, तार मागे-पुढे वाकवून बघा, काही वेळाने तुटतेच. म्हणून आम्ही विमानाचं वय वर्षात कमी आणि सायकलमध्ये (एकदा उडून उतरलं की एक सायकल) जास्त मोजतो. लांबच्या पल्ल्याचं विमान दिवसाला एक-दोन सायकल करेल, आपलं इंदूर-पुणे-इंदूरवालं सहा-सात करतं, तेवढं लवकर म्हातारं होतं. त्या घटनेनंतरच जुन्या विमानांच्या तपासण्या कडक झाल्या. तेव्हा जुनं म्हणजे धोक्याचं असं नाही, जुनं म्हणजे खर्चिक. कंपनी बदलते ती बहुतेक त्याच कारणाने.

कालानीनगर_गच्ची
आमचं घर एअरपोर्ट रोडला, बिजासन टेकडीच्या बाजूने येतं-जातं ते सगळं गच्चीवरून दिसतं. पापड वाळत घालताना मला आता न बघता कळतं कोणतं आहे ते. जुनं उडालं की दाराची कडी वाजायची, खरंच सांगते, आणि नव्याचा नुसता जाड हूंऽऽ. काही नवी उतरताना अगदी विचित्र कण्हल्यासारखा सूर काढतात, गाय हंबरते तसा, पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं खाली गल्लीतच काहीतरी झालं. ओळखायचं असेल तर इंजिनाचं तोंड बघा, नव्याचं खूप मोठं.

हँगरवाले_काका
गच्चीताई अगदी बरोबर. कण्हणारी ती प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं. तोंडाचं माप सांगतो, जुन्याचा पंखा साधारण १.७३ मीटर, प्रॅटचा २.०६. मोठा पंखा सावकाश फिरवला की आवाजही कमी आणि तेलही कमी, म्हणून त्यात गिअरबॉक्स घातलाय. निव्वळ इंजिन आणि पंखांच्या टोकांची मिळून साधारण १५ टक्के बचत. आपल्याकडे तेलावर टॅक्स केवढा, कंपनीच्या खर्चाचा सगळ्यात मोठा लचका तेलाचाच, मग जुनं कोण ठेवेल. पण पंखाच्या वळलेल्या टोकावरून निओ ओळखू नका, ते २०१२ नंतरच्या जुन्यांनाही आहे.

कोथरूडकर_मूळचा_इंदूरचा
मी थोडं थंड पाणी ओततो. ३२एन लिहिलंय म्हणजे ३२एनच येईल हे गृहीत धरू नका, आदल्या रात्रीही विमान बदलतं. इंडिगोने २०११ मध्ये १८० विमानांची ऑर्डर दिली, त्यातली १५० निओ, पहिलं निओ २०१६ मध्ये आलं, आणि प्रॅटच्या इंजिनांनी सुरुवातीपासून डोकं खाल्लं. २०२३ मध्ये तर धातूच्या पावडरीत दोष निघाला, सगळ्या जगातली इंजिनं उघडून तपासायला लागली. गो फर्स्ट या विमान कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज करताना याच इंजिनांवर खापर फोडलं. इंडिगोची सत्तरच्या वर विमानं जमिनीवर होती २०२४ च्या सुरुवातीला, मग काय, जी जुनी परत करायची ठरली होती त्यांचेच करार वाढवले. म्हणजे नवीन सून आली पण माहेरीच बसली, सासूने परत पोळ्या लाटायला घेतल्या 😅 (धागाकर्तीची माफी मागून)

आणि जागा म्हणाल तर नवीन विमानात गुडघ्याला जागा जास्त मिळते हा गैरसमज. १८० सीटच्या जागी १८६ बसवल्यात काही ठिकाणी, सीटची गादी पातळ, मागचे टॉयलेट इतके चिंचोळे की माझ्यासारख्या माणसाला आधी ठरवावं लागतं कोणत्या बाजूने आत जायचं.

सुदामानगरची_सून
अरे देवा. म्हणजे गुडघ्यासाठी उपयोग शून्य? आणि कानाचं? आईंचे कान फार दुखतात उतरताना.

हँगरवाले_काका
कानाला दोन्ही सारखीच, बॉडी एकच आहे ना. उतरायला लागल्यावर लवंग नाहीतर आवळासुपारी चघळायला द्या आणि तेव्हा झोपू देऊ नका, झोपेत माणूस गिळत नाही आणि दडा बसतो. सर्दी असेल तर डॉक्टरांना विचारून निघा. चौदाशे रुपये निओवर घालू नका, पहिल्या रांगेच्या सीटवर घाला. पुढे भिंत असते, पाय जरा मोकळा होतो आणि उतरताना पहिल्या. इमर्जन्सी दाराची रांग त्यांना देणार नाहीत, मागूही नका.

राजेंद्रनगर_वहिनी
आणि तिकीट बुक करताना व्हीलचेअर हवी असं सांगाच, निदान ४८ तास आधी, मग लाज वाटून घेऊ नका आईंना म्हणावं. माझ्या सासऱ्यांना लाज वाटली नि ते शिड्या उतरले, पुढे आठ दिवस पायाला शेक. एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंतचा पूल) मिळाला तर उत्तम पण ते आपल्या हातात नाही. एक नक्की, मध्ये कुठे बदलून जाणारं तिकीट घेऊ नका, त्यात एटीआर लागलं तर एरोब्रिज विसरा, ते पंख्याचं छोटं विमान, मागच्या दारातून चढायचं. तसं एटीआर वाईट नाही हं, दोन-दोन सीट, मधली सीटच नाही.

हँगरवाले_काका
जुन्या लोकांना आठवत असेल, दिल्ली-ग्वाल्हेर-भोपाळ-इंदूर-मुंबई असं एकच विमान गावोगाव थांबत यायचं, एस्टीसारखं. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे ए३२० आलं तेव्हा आपल्या धावपट्ट्यांचा विचार करून प्रत्येक बाजूला दोनाऐवजी चार चाकं लावून घेतली होती. तेव्हा तेच "नवीन विमान". लोक बघायला यायचे. असो, विषय भरकटला.

सुदामानगरची_सून
सगळ्यांचे खूप आभार. सकाळचं ३२० घेतलं, पहिली रांग, व्हीलचेअर सांगितली. लवंगांची पुडी आईंनी आत्तापासून पर्समध्ये टाकलीये.

सुदामानगरची_सून
परत आलो, अपडेट देते. जाताना ऐनवेळी विमान बदललं आणि निओच आलं! 😂 चौदाशे वाचले वर नवीनही मिळालं. आवाज खरंच कमी, आम्ही हळू आवाजात बोलू शकत होतो. सीट मात्र कडक, कोथरूडकर बरोबर बोलले. इंजिन चालू झालं आणि कुत्रं भुंकलं, शेजारच्या बाई दचकल्या, तर आमच्या आई त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणतात "घाबरू नका हो, पंप आहे तो, राखणीचा." उतरताना लवंग चघळली, एक कान थोडा धरला, संध्याकाळपर्यंत सुटला. येताना जुनं होतं, एसी पहिल्यापासून चालू, काही त्रास नाही. आईंना फरक विचारला तर म्हणाल्या, येतानाची सीट मऊ होती.

पोहे_डबल_सेव
ते सगळं ठीक, मुंजीत जेवायला काय होतं ते सांगा ताई.