मदत हवी आहे : पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबून धरला की आत सरकतो
नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची १५० सीसीची मोटारसायकल असून ती रोज कासारवडवली ते ठाणे स्टेशन अशी चालते. काही दिवसांपासून पुढच्या ब्रेकचा लिव्हर पहिल्या दाबाला जवळजवळ मुठीला टेकतो; दोन-तीनदा पंप केला की कडक होतो, परंतु सिग्नलला दाबून धरला तर हळूहळू पुन्हा आत जातो. रविवारी गायमुखच्या उतारावर हाच अनुभव आल्यापासून गाडी घरीच उभी आहे.

पॅड नवे आहेत आणि कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा बँजो बोल्टपाशी (ऑइलचा पाइप जोडणारा बोल्ट) कुठेही ओल नाही. जुने ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट निघाले. त्याजागी डॉट ४ प्रकारचे ऑइल भरून, कॅलिपरवरच्या निपलमधून बुडबुडे येणे थांबेपर्यंत दोनदा ब्लीडिंग केले (आतली हवा काढली), तरी फरक नाही.

मेकॅनिक होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) बदलायला सांगतात. पण होज फुगल्याने लिव्हर मऊ लागेल, सरकत कसा जाईल? गळती नसल्याने मास्टर सिलिंडरमधील (लिव्हरपाशी ऑइलवर दाब देणारा भाग) रबरी सील झिजले असावे, असा माझा अंदाज आहे. नुसता सीलचा किट बदलून भागेल, की आत चरे पडले असल्यास अख्खा सिलिंडरच घ्यावा लागेल? ठाण्यात हे काम नीट करणारे कोणी माहीत असल्यास तेही कृपया सुचवावे.