'स्टार वॉर्स'मधील जावाच्या विनाइल केपची पारख कशी करावी?

एडिसनवासी:
नमस्कार मंडळी. आमच्या एडिसनमध्ये (न्यू जर्सी) एका घरातील जुन्या सामानाची विक्री झाली, तेव्हा बुटांच्या खोक्यात भरलेल्या 'स्टार वॉर्स'च्या जुन्या अ‍ॅक्शन फिगर्स मी घेतल्या. खोक्यात डार्थ वेडर आहे, पण त्याच्या हातातील तलवार नाही. एक स्टॉर्मट्रूपर (पांढऱ्या चिलखतातला सैनिक) आहे, तो छातीपासून खाली बराच पिवळा पडला आहे. आणि एक जावा, म्हणजे चित्रपटातला बुटका परग्रहवासी आहे, ज्याच्या अंगावर कापडी झग्याऐवजी तपकिरी विनाइलची (मऊ प्लॅस्टिकची) केप आहे. जावाच्या मागे खालच्या बाजूस बारीक अक्षरांत जी.एम.एफ.जी.आय. १९७७ आणि हाँगकाँग असे उमटलेले दिसते. कुणाचेही मूळ पॅकिंग नाही.

विनाइल केपचा जावा फार दुर्मीळ असल्याचे वाचनात आले. येथील एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने मात्र एकही फिगर हातात न घेता सगळ्या खोक्याला मिळून एकच ठोक भाव सांगितला आणि दोन दिवसांत कळवा म्हणाला. अस्सल आणि नक्कल यांतील फरक कसा ओळखावा, आणि विकण्यापूर्वी स्टॉर्मट्रूपर पांढरा करून घ्यावा काय, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_खेळणी:
दुकानदाराला तूर्तास काहीच कळवू नका. ज्याला जावाची केप ठाऊक आहे तो ती न पाहता भाव सांगणार नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या भावाला अर्थ नाही.

आधी त्या १९७७ विषयी. जी.एम.एफ.जी.आय. म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप. या फिगर्स बनवणारी सिनसिनाटीची केनर ही कंपनी तेव्हा जनरल मिल्सच्या छत्राखाली होती. या खुणेतले साल हे कॉपीराइटचे आहे, उत्पादनाचे नव्हे. १९७७च्या नाताळात केनरजवळ विकायला फिगर्सच तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी पाकिटात चक्क प्रमाणपत्र घालून विकले आणि खेळणी पुढच्या वर्षी टपालाने पाठवली. पहिल्या बारा फिगर्स दुकानांत आल्या त्या १९७८मध्ये. तेव्हा या खुणेवरून फिगर केनरची असण्याला आधार मिळतो, केपविषयी मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण विनाइल केपचा आणि कापडी झग्याचा जावा हे आत सारखेच असतात. सगळी किंमत त्या एवढ्याशा तुकड्यात आहे.

वेडर, लिया आणि बेन केनोबी या चित्रपटातल्याच तिघांच्या फिगर्सनाही विनाइलच्याच केपा होत्या, त्यामुळे त्यांचे अप्रूप नाही. जावाला मात्र ती अगदी सुरुवातीला थोडा काळच मिळाली आणि लगेच कापडी झगा आला. कारण असे सांगतात की, इतरांहून बरीच बुटकी फिगर त्याच किमतीला विकायची तर ती केविलवाणी दिसू नये, असे कंपनीला वाटले. नकली केपेचा सर्वांत जुना मार्गही यातूनच निघाला: बेन केनोबीची केप घ्यायची आणि कात्रीने जावाच्या मापाची करायची. विनाइल अस्सल, काळही अस्सल, वस्तू मात्र खोटी. अलीकडे नव्याने बनवलेल्या केपाही मिळतात.

म्हणून भिंग घेऊन केपेची कड संपूर्ण फिरून पाहा. कारखान्यातून आलेली कड सलग असते. कात्री जिथे थांबून पुन्हा चालते तिथे बारीकशी पायरी राहते. मग हात बाहेर काढण्याच्या छिद्रांची जागा, केपेचा रंग आणि दोन्ही बाजूंचा पोत यांची खात्रीच्या नमुन्याच्या छायाचित्रांशी तुलना करा. छायाचित्र दिवसाच्या उजेडातले हवे, पिवळ्या दिव्याखाली सगळेच तपकिरी सारखे दिसते.

स्टॉर्मट्रूपरला हात लावू नका. पांढरे प्लॅस्टिक ऊन आणि उष्णता यांमुळे पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते उजळते खरे, पण पिवळेपणा बरेचदा परत येतो आणि मुरलेले संग्राहक असा उजळवलेला नग कमी प्रतीचा मानतात. पिवळा नग निदान प्रामाणिक असतो.

कोथरूडकर:
माझा संग्रह लिओच्या भारतीय ही-मॅनचा आणि फनस्कूलच्या जी. आय. जोचा, त्यामुळे केनरविषयी अधिकाराने बोलणार नाही. तरीही एक सुचवतो: जावाची बंदूक सोबत असेल तर ती पाण्यात टाकून पाहा, अस्सल तरंगते आणि नकली बुडते, असे सगळेच म्हणतात. शिवाय मऊ प्लॅस्टिकच्या वस्तू पीव्हीसीच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात माझ्या काही फिगर्सना तसा चिकटपणा सुटला होता, तुमच्याकडेही उन्हाळा काही कोरडा नसतो.

जुनी_खेळणी:
पिशवीविषयी पूर्ण सहमत. पाण्याच्या परीक्षेवर मात्र निकाल देऊ नये. जुन्या बंदुका बहुधा तरंगतात, पण सगळ्याच नव्हे. आणि नकली बनवणाऱ्यांनाही ही परीक्षा ठाऊक असल्यामुळे तरंगणाऱ्या नकला केव्हाच बाजारात आल्या आहेत. बुडाली तर संशय घ्यावा, तरंगली तर पुढे तपासत राहावे, इतकेच तिचे मोल.

एडिसनवासी:
दोघांचेही आभार. भिंगाखाली पाहिले. गळ्याकडची कड गुळगुळीत आहे, पण खालच्या कडेवर डावीकडे दोन ठिकाणी अगदी बारीक पायऱ्या आहेत आणि तेथील रेषाही किंचित वाकडी जाते. हातांची छिद्रे छायाचित्रांतल्यापेक्षा जरा खाली वाटतात, मात्र केप नीट बसलेली नसण्याचाही तो परिणाम असू शकेल. बंदूक खोक्यात नाही.

जुनी_खेळणी:
गळ्याची कड जुनी आणि खालची कड कापलेली, हे बेनच्या केपेचे लक्षण आहे. छिद्रांचे तुम्ही म्हणता ते खरे असेल तर माझा कल नकलीकडे ऐंशी टक्के. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी एखाद्या खेळण्यांच्या प्रदर्शनात जावा घेऊन जा आणि ज्याच्याकडे खात्रीचा नग आहे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. फिगर तपासून तिची प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे पाठवण्याचा खर्च मी तूर्त करणार नाही. एएफए किंवा सीएएस या अशा संस्थांकडे पाठवण्याचा हिशेब कडा निर्दोष असतील तरच जमतो.

भावासाठी कुणी काय मागतो आहे ते पाहू नका. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी निघते, ती पाहा, आणि त्यातही तुमच्यासारखेच, पॅकिंगविना असलेले नग. २०२४मध्ये बोबा फेट या 'स्टार वॉर्स'मधल्याच पात्राचा रॉकेट सोडणारा नमुना ५,२५,००० डॉलरला गेला, ही बातमी दुकानदार ग्राहकांना आवर्जून ऐकवतात. पण तो कधी विक्रीलाच न आलेला प्रायोगिक नग होता, त्याचा तुमच्या खोक्याशी संबंध नाही.

वेडरची तलवार हातातच सरकणारी असल्यामुळे बहुतेकांची हरवलेली असते. तिच्या जागी नकली तलवार बसवू नका, 'तलवार नाही' असे लिहूनच विका. जावा विकताना केपेच्या खालच्या कडेचे जवळून काढलेले छायाचित्र पहिल्या क्रमांकावर लावा आणि केपेविषयी संशय असल्याचे स्पष्ट नमूद करा. केपेविना जावा म्हणून त्याला जो भाव येईल तोच धरून चला, आणि त्या दुकानदाराचा ठोक भाव खोक्यातल्या सगळ्या फिगर्सच्या अशा भावांच्या बेरजेहून अधिक असेल तरच त्याला होकार द्या.