मदत हवी आहे: नामिबियात कोल्मन्सकोपला गाडीने

जूनमध्ये आईबाबांना घेऊन विंडहूकहून सेसरीम, सोसुसफ्ले (लाल वाळूच्या टेकड्यांचा भाग) आणि पुढे ल्युडरिट्झ असा बेत आहे. खरं आकर्षण ल्युडरिट्झजवळच्या ओसाड कोल्मन्सकोपचं. 1908 मध्ये रेल्वे कामगार झकारियास लेवालाला तिथे हिरा सापडला आणि भर वाळवंटात जर्मन धाटणीचं गाव उभं राहिलं, बर्फाच्या कारखान्यासकट! 1956 पर्यंत ते ओस पडलं. आता घरांत गुडघाभर वाळू, दारं अर्धवट गाडलेली. पहाटेच्या तिरप्या उन्हात फोटो काढायचे आहेत. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो ल्युडरिट्झमध्ये आदल्या दिवशी मिळतो, की आधीच काढावा?

मुख्य प्रश्न गाडीचा. सेसरीम ते आउस (ल्युडरिट्झच्या अलीकडचं गाव) रस्ता खडीचा. साधी सेडान चालेल, की उंच गाडीच घ्यावी? सोसुसफ्लेच्या शेवटच्या वाळूच्या पट्ट्यात मी गाडी घालणार नाही, तिथली शटल घेईन. गाडी डावीकडून चालवायची, तेवढं सुख. ल्युडरिट्झजवळ दुपारी वारा सुटला की वाळू रस्त्यावर येते म्हणे, म्हणून मुक्काम आउसला करून सकाळी निघावं का?

आई शुद्ध शाकाहारी आहे. मेतकूट, थालीपिठाची भाजणी नेऊ दिली का कुणाला? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.