तुर्कतंतू? पेशीत तुर्क कुठनं आले?

शेंगाचटणी:
काल पोरीचा दहावीचा धडा घेत होतो, सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन पेशी होतात ते. मध्यावस्थेत गुणसूत्रं मधोमध रांगेत लागतात नि दोन्ही ध्रुवांकडनं त्यांना "तुर्कतंतू" जोडले जातात. वडील मिलच्या रिंग खात्यातले, म्हणजे सूत कातायच्या, पेपर वाचता वाचता म्हणले, पेशीत तुर्क काय करलालेत बे? छपाईची चूक आहे का असा शब्द आहे? परवा चाचणी आहे, तिनं काय लिहायचं?

रफार:
तर्कु हो! संस्कृतात तर्कु म्हणजे चाती, सूत गुंडाळायची फिरती दांडी. उकार मागं सरकला नि तुर्क झाला. हातानं सूत कातायची आपली टकळी पण तर्कुचीच नात, असं माझं मत.

पूर्वभाग:
तर्कु कोण म्हणतंय सोलापुरात? चातीतंतू म्हणा की. आमच्याकडं माग होता, आई चरख्याच्या चातीवर कांडी खोचून दिवसभर भरत बसायची. पण चातीवर सूत गुंडाळतात, पेशीत काय गुंडाळतंय?

कांद्याचं मूळ:
काहीच नाही. नाव आकारावरनं, सगळ्या तंतूंचा मिळून होतो तो, मधे फुगीर, दोन्ही टोकं निमुळती, भरलेल्या चातीसारखं. पुढच्या टप्प्यात, पश्चावस्थेत, गुणसूत्रबिंदू (जुळे भाग जोडणारा बिंदू) दुभंगतो नि जुळे भाग दोन बाजूंना ओढले जातात, तंतू रबरासारखे आखडत नाहीत बरं का, टोकाकडनं उसवत आखूड होतात. कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून बघायचो, मधला बिंदू पुढं नि दोन शेपट्या मागं फरफटताना दिसतात. रंग धरतात म्हणूनच वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानं 1888 मधे गुणसूत्रांना क्रोमोसोम म्हटलं, ग्रीकमधे क्रोमा म्हणजे रंग, म्हणजे खरं तर जुना रंगसूत्र शब्दच बरोबर होता.

रफार:
गुणसूत्र त्याहून भारी, गुण म्हणजेही दोराच. दोरा-दोरा! सूत्री विभाजनाला वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं 1882 मधे दिलेलं मायटोसिस हे नावसुद्धा धाग्याच्या ग्रीक शब्दावरनंच.

पूर्वभाग:
सगळा दोऱ्याचाच मामला, मग शब्द करताना विणकरांना का नाही विचारलं? आणि टकळी तर्कुची नात वगैरे काय नाही, टकटक आवाजावरनं आलीय. बडबड्या माणसाची टकळी चालू म्हणतो ते उगाच का?

शेंगाचटणी:
अहो, चाचणीचं काय?

पूर्वभाग:
सरळ इंग्रजी नाव, स्पिंडल फायबर, लिव्ह म्हणा, विषय संपला.

कांद्याचं मूळ:
नको, मार्क जातील. पुस्तकात आहे तेच लिहू दे.

रफार:
चूक माहीत असून?? बरं ते राहू दे. टकळीला आवाज असतो हे कुणी सांगितलं तुम्हाला, कधी फिरवलीय का हातानं?