गिटच्या सोर्समध्ये साफसफाई केलीय, ४३ फायली एका पॅचमध्ये पाठवू का?

अर्धा_सेमीकोलन:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एम्बेडेडमध्ये सी लिहून पोट भरतो. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल, रोजचंच, पण गिटचा स्वतःचा सोर्स कधी उघडून बघितला नव्हता. दिवाळीची सुट्टी होती, घरचे सगळे फराळाच्या गडबडीत, म्हणलं बघू तरी आत काय चाललंय. क्लोन केलं, मेक मारलं, काही मिनिटांत बिल्ड झालं पण, एवढं सरळ असेल वाटलं नव्हतं. मग वाचायला बसलो आणि डोकंच फिरलं. चालू रेपो (प्रोजेक्टचा गिटमधला साठा) दाखवणारा द_रिपॉझिटरी नावाचा एक ग्लोबल पॉइंटर आहे आणि तो जिकडेतिकडे, पार तळातल्या फंक्शनमध्येसुद्धा बिनधास्त वापरलाय. वर कितीतरी फायलींच्या डोक्यावर यूज_द_रिपॉझिटरी_व्हेरिएबल असं डिफाइन ठोकलंय, म्हणजे त्यांनाही माहितीये की इथे अजून झाडू मारायचाय.

तर मी मारला. रिपॉझिटरी फंक्शनना पॅरामीटर म्हणून दिली, डिफाइन काढलं, जाता जाता टॅब-स्पेसची गडबड नीट केली, काही व्हेरिएबलना माणसासारखी नावं दिली, टेस्टमध्ये फाइल आहे का बघणारं साधं टेस्ट हायफन एफ होतं तिथे गिटचं टेस्ट_पाथ_इज_फाइल घातलं. एकूण ४३ फायली, एकच कमिट (नोंदवलेला एकच बदल), मेसेज 'क्लीनअप'. बिल्ड होतंय, ज्या टेस्ट संबंधित वाटल्या त्या चालवल्या, पास आहेत.

आता विचारायचंय ते असं की हे पाठवतात कसं, कारण तिथे पुल रिक्वेस्ट (वेबसाइटवरून बदल घ्यायची विनंती) थेट घेत नाहीत म्हणे, बदलांचा मजकूर म्हणजे पॅच, तो ईमेलनेच. आणि दुसरं म्हणजे जे मी चार दिवसांत केलं ते या लोकांनी इतक्या वर्षांत एका सेड कमांडने (सगळीकडे शोधा-आणि-बदला) का उरकलं नाही? खरंच कळत नाहीये, टोमणा नाही.

कोकणचा_कर्नल:

थांब रे बाबा, सेंड दाबू नकोस.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो म्हणजे पहिल्याचं आपोआप कळेल. गिटचा मेंटेनर म्हणजे जुनिओ हमानो. लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये सुरू केलं आणि जुलैतच याच्या हातात दिलं, तेव्हापासून हाच माणूस सांभाळतोय. मेलिंग लिस्टवर आलेल्या पॅचच्या ज्या मालिका तो घेतो त्या प्रत्येकीची वेगळी टॉपिक ब्रँच (कोडची वेगळी फांदी) करतो. मग त्या ब्रँच आधी सीन नावाच्या ब्रँचमध्ये जातात (२०२० पर्यंत तिला पीयू म्हणायचे), पुढे पटल्या तर नेक्स्ट, मग मास्टर. सीन म्हणजे सध्या हवेत असलेलं जवळजवळ सगळं एकत्र मर्ज करून बघायची जागा, आणि ती सारखी नव्याने बांधली जाते. आता तू ४३ फायलींतल्या फंक्शनच्या सह्या (पॅरामीटरची यादी) बदलल्यास. त्याच वेळी बाकीच्यांच्या ज्या ब्रँच हवेत आहेत त्यातल्या निम्म्या तरी तुझ्या पॅचला धडकणार, आणि ते कॉन्फ्लिक्ट तू नाही सोडवणारेस, तो सोडवणारे. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवणारं रेरेरे आहे ना, ते त्याने उगाच नाही लिहिलं.

सेडने एका दुपारी होईल की. पण नंतरचे दोन महिने बाकीच्यांच्या रिबेसमध्ये (आपले बदल नव्या कोडवर परत बसवण्यात) जातील त्याचं काय?

आणि टॅब-स्पेसचं तर विसरूनच जा. त्यांच्या कोडिंग गाइडलाइन्समध्ये स्वच्छ लिहिलंय की खरा बदल करताना त्या जागेपुरती आधी साफसफाई केली तर उत्तम, पण नुसती स्टाइल जुळावी म्हणून झाडांची पानं पुसत बसू नका. (पानं माझी, मुद्दा त्यांचा.)

अजून एक गंमत बघ. फंक्शनचा अर्थ बदलत असेल पण प्रकार तेच राहत असतील, तर नाव मुद्दाम बदललेलं बरं. कारण दुसऱ्या कोणाच्या ब्रँचमध्ये जुन्या अर्थाने तेच फंक्शन वापरलं असेल तर मर्ज गुपचूप होतं, कंपाइल पण होतं, आणि चुकतं. नाव बदललं की कंपायलर बोंब मारतो. तुझ्या ऑफिसातल्या रेपोत दहा माणसं असतील, ओरडून सांगता येतं. इथे तो ओरडा कंपायलरला मारायला लावायचा.

अर्धा_सेमीकोलन:

बरं, टॅब-स्पेस मान्य. पण दादा मग कॅश डॉट एच कसं काढलं? मी लॉग बघितला, ते हेडर तर जवळपास सगळ्याच सी फायलींत होतं, आणि आज नाहीच. तेव्हा नाही का सगळ्यांना त्रास झाला?

म्हातारा_मेकफाइल:

झाला की. पण हप्त्याहप्त्याने झाला.

कॅश डॉट एच ही फाइल लिनसच्या पहिल्याच कमिटमध्ये आहे, तोच तो, ज्याच्या मेसेजमध्ये गिटला नरकातला इन्फर्मेशन मॅनेजर म्हटलंय. इंडेक्सला (पुढच्या कमिटसाठी निवडलेले, म्हणजे स्टेज केलेले बदल ठेवायची जागा) तेव्हा कॅश म्हणायचे, म्हणून आजही स्टेज केलेलं बघायला डिफला कॅश्ड लावता येतं. पुढे ज्याला जे सुचेल ते त्या हेडरात टाकत गेले, गावाकडच्या माळ्यासारखं, मोडकी खुर्ची पण तिथेच आणि दिवाळीचा आकाशकंदील पण तिथेच. ते रिकामं झालं २०२३ मध्ये. एलायजा न्यूरेन आणि अजून काही जणांनी मालिकेमागून मालिका पाठवल्या. त्यातला एकेक पॅच म्हणजे अमुक घोषणा अमुक हेडरात हलवल्या, बस. वाचणाऱ्याला दोन मिनिटं पुरतात. शेवटी माळा रिकामा झाल्यावर फाइल काढणारा पॅच आला.

आता खरं मोठं काम सांगतो, शा-वनचं, म्हणजे गिट ऑब्जेक्टना ज्याने नावं देतं त्या हॅशचं. जुन्या कोडमध्ये ऑब्जेक्टचं नाव म्हणजे अनसाइन्ड कॅरचा २० चा ॲरे, आणि हेक्समध्ये लिहिलं की ४०. हे २० आणि ४० सगळीकडे नुसते आकडे म्हणून लिहिलेले. हॅश बदलायचा तर आधी प्रत्येक २० बघून ठरवायचं की हा हॅशच्या लांबीचा २० आहे की आणखी कसला. हे सेडला कुठून कळणार? म्हणून ऑब्जेक्ट_आयडी नावाचं स्ट्रक्ट आणलं आणि एकेक कोपरा त्यावर नेला. ब्रायन कार्लसनने याचा मोठा भार उचललाय. २०१५ ला सुरुवात, मध्येच फेब्रुवारी २०१७ ला शा-वनची पहिली जाहीर टक्कर (दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश) झाली, तेव्हा घाईने टक्कर ओळखणारा शा-वन बसवला पण गाडा आपल्याच चालीने चालू ठेवला, आणि नव्या शा-२५६ हॅशची रेपो प्रायोगिक म्हणून बनवता आली ती २.२९ मध्ये, ऑक्टोबर २०२०. पाच वर्षं. वापरणाऱ्याला त्यातली बहुतेक वर्षं काहीच नवीन दिसलं नाही.

जिथे बदल खरंच यांत्रिक असतो तिथे ते कॉक्सिनेल वापरतात. सीचं व्याकरण समजणारा सेडच म्हण. नियम लिहून ठेवायचा की असं दिसलं तर तसं कर, आणि तो नियमच रेपोत ठेवायचा, म्हणजे उद्या कोणी जुन्या पद्धतीने लिहिलं तरी सापडतं. द_रिपॉझिटरीच्या कामातही तो वापरलाय. तू म्हणतोस ते डिफाइन २०२४ चं आहे आणि त्याला घाण म्हणू नकोस, ती खूण आहे. ज्या फाइलवर खूण नाही तिथे तो ग्लोबल वापरला तर कंपाइलच होत नाही, म्हणजे साफ झालेली खोली परत कोणी घाण करू शकत नाही. उरलेल्या खोल्या सावकाश.

चहा_एक_कटिंग:

माफ करा पण मला हे सगळं जरा जास्तच पवित्र वाटतंय. चांगला सी येणारा माणूस चार दिवस फुकट राबलाय आणि त्याला आपण काय सांगतोय, तर ईमेल पाठवायला शिक, पॅच कापायला शिक, आणि मग बघू. नवीन माणूस यायचा कसा अशाने? आणि सावकाश केलं म्हणून बग येत नाहीत असंही नाही. रिबेस आधी शेल स्क्रिप्ट होतं, २.२० मध्ये, २०१८ च्या डिसेंबरला, सीमध्ये आलं, नीट रिव्ह्यू होऊन आलं, तरी बारीकसारीक वागणूक बदललीच ना काही ठिकाणी.

म्हातारा_मेकफाइल:

बदलली, खरंय. पण म्हणूनच त्या व्हर्जनमध्ये जुनं शेल स्क्रिप्ट पण सोबत ठेवलं होतं, रिबेस डॉट यूजबिल्टइन फॉल्स केलं की जुनं चालायचं. पुढच्या वर्षी स्टॅश (अर्धवट बदल बाजूला ठेवणारी कमांड) सीमध्ये आलं तेव्हाही तीच युक्ती. नवी सून रुळेपर्यंत सासूबाईंनी किल्ल्या सोडल्या नाहीत, असं समजा.

आणि मर्जचं तर याहून भारी. ब्रँच एकत्र करणारा जुना मर्ज-रिकर्सिव्ह इतका गुंतागुंतीचा झाला होता की तो सुधारायच्या भानगडीत न पडता एलायजाने शेजारी नवीनच बांधला, मर्ज-ऑर्ट. २.३४ ला, नोव्हेंबर २०२१ मध्ये, तो डिफॉल्ट झाला, जुना तरी काही वर्षं तसाच होता. सगळंच रिफॅक्टर करायचं नसतं हो. कधी भिंत पाडण्यापेक्षा शेजारी खोली काढलेली परवडते.

नवीन माणसाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, ईमेलचा उंबरठा उंच आहे. माझी स्वतःची पहिली मेल मेल-क्लायंटने ओळी मोडून पाठवली होती, पॅच कोणाकडेच लागला नाही. तीन दिवस तोंड लपवून बसलो.

सुई_दोरा:

वाद घाला नंतर, आधी याचं काम करू.

अर्ध्या, असं कर. तुझं ४३ फायलींचं कमिट बॅकअप ब्रँचवर ठेव आणि मेन कॉपीत एक कमिट मागे गिट रिसेट मार, मिक्स्ड, हार्ड नको! म्हणजे बदल फायलींत राहतील, कमिट जाईल. मग गिट ॲड हायफन पी ने एकेक तुकडा उचल. टॅब-स्पेसवाले उचलूच नकोस. व्हेरिएबलची नावं पण नाही. टेस्टचे वेगळे, सीचे वेगळे.

टेस्टवाल्यापासून सुरुवात कर, आणि तेही एकाच टेस्ट फाइलचं. गूगलच्या समर ऑफ कोडला जी पोरं येतात त्यांना सरावाला हेच काम सुचवलेलं असतं, त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्यांना ते पाठ आहे. फक्त एक बघ, जिथे फाइल असलीच पाहिजे असं तपासलंय तिथेच टेस्ट_पाथ_इज_फाइल घाल. इफच्या अटीत टेस्ट हायफन एफ असेल तर हात लावू नको, कारण तो हेल्पर फाइल नसली की तक्रार छापतो, आणि इफमध्ये फाइल नसणं हा काही गुन्हा नाही. आणि उद्गारचिन्ह लावून उलटं केलेलं असेल तिथे टेस्ट_पाथ_इज_मिसिंग येतं, हेल्परपुढेच उद्गारचिन्ह लावून ठेवू नको. यात सगळे पहिल्यांदा आपटतात.

सीचं म्हणशील तर एक फाइल, एक मालिका. आधीच्या पॅचमध्ये आतल्या फंक्शनना पॅरामीटर, शेवटच्यात डिफाइन काढणं. प्रत्येक पॅचवर बिल्ड झालंच पाहिजे, फक्त शेवटी नाही, नाहीतर उद्या कोणी बायसेक्ट करताना (बग कुठल्या कमिटने आला ते शोधताना) तुझ्या अर्धवट पॅचवर येऊन अडकेल आणि तुला शिव्या घालेल. रिबेसला एक्झेक लावून मेक टेस्ट दे, म्हणजे प्रत्येक पॅचवर टेस्ट चालतील, रात्री लावून झोप. कोड इकडचा तिकडे नुसता हलवला असशील तर डिफला कलर-मूव्ह्ड लावून बघ, हललेलं वेगळ्या रंगात दिसतं, आणि हलवता हलवता चुकून काही बदललं असेल तर ते लगेच उठून दिसतं. मेसेजमध्ये काय केलं ते डिफ सांगतोच, तू का केलं ते लिही. 'क्लीनअप' हा मेसेज नाही, उसासा आहे.

पाठवायला गिटची सेंड-ईमेल कमांड जमत नसेल तर गिटगिटगॅजेट आहे, गिटहबवर पुल रिक्वेस्ट काढायची, ते तिची मेल करून लिस्टवर टाकतं. दुसरी आवृत्ती पाठवताना सोबत रेंज-डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) जाऊ दे.

आणि हो, बिल्टइन कमांडच्या फायलींत काय केलंयस तू? तिथे मुख्य फंक्शनला रेपो पॅरामीटर मिळतो तोच सगळीकडे वापरलास का? असेल तर कुठल्याही गिट रेपोच्या बाहेर जा, टेम्पमध्ये वगैरे, आणि तिथून तुझी ती कमांड हायफन एच (मदत दाखवायचा पर्याय) देऊन चालवून बघ. मी वाट बघतेय.

अर्धा_सेमीकोलन:

ताई.

सेगमेंटेशन फॉल्ट, कोसळलं.

आधी वाटलं बिल्डच बिघडलंय, परत क्लीन करून मेक मारलं, परत तेच.

सुई_दोरा:

हं. रेपोच्या बाहेर असशील तर तो पॉइंटर नल येतो रे, म्हणजे कशाकडेच दाखवत नाही. ग्लोबलवाला नल नसायचा, म्हणून आधी चालत होतं. तू यांत्रिकपणे नाव बदललंस आणि वागणूक बदलली. या चुकीत तू एकटा नाहीस, खुद्द त्या प्रोजेक्टमध्येही हे निस्तरावं लागलंय, म्हणून तर लगेच आठवलं.

कोकणचा_कर्नल:

आणि संबंधित वाटल्या त्या टेस्ट चालवल्या म्हणालास ना? टी नावाचं टेस्टचं फोल्डर अख्खं चालवायचं असतं, मेकला हायफन जे लावून चार-आठ जॉब दे, चहा पिऊन ये.

अर्धा_सेमीकोलन:

चालवलं काल रात्री. रेपोबाहेर कमांड चालवून बघणारी एक टेस्ट फाइल आधीपासून होतीच तिथे, ती लाल. मीच चालवली नव्हती.

तर आताची परिस्थिती अशी: टॅब-स्पेस गेलं, नावं गेली, सीमधल्या बिल्टइनच्या फायली बाजूला ठेवल्यात, त्यात कुठे कुठे नल येऊ शकतो ते एकेक वाचून बघावं लागणार, त्याला डिसेंबर उजाडेल. ४३ मधून हातात उरली एक टेस्ट फाइल, बदललेल्या ओळी ११. त्यातल्या पण दोन इफमध्ये निघाल्या, म्हणजे ९. मेसेज मात्र चार परिच्छेद झालाय. बायको विचारते दिवाळीभर एवढंच केलंस का.

सुई_दोरा:

चार परिच्छेद नऊ ओळींना जरा जास्त होतात, दोनवर आण. बाकी पाठव.