डिपस्टिकवर ऑइल वाढत चाललंय, बदलू की थांबू?

कोथरूडकर:
गाडी बीएस-६ डिझेल, १.५ लिटर, डीपीएफवाली (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर). ऑइल बदलून सात महिने आणि ३,५०० किमी झाले. रोजचं जाणं-येणं कोथरूड ते शिवाजीनगर, एका वेळी सहा-सात किमी. बदललं तेव्हा पातळी बरोबर मॅक्सच्या खुणेवर होती, आज खुणेच्या ५ मिमी वर आहे आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येतो. गॅरेजवाले म्हणतात, "ऑइल खात नाही, म्हणजे इंजिन ठणठणीत." पुढची सर्व्हिस १०,००० किमीला आहे. तोवर थांबू, की जास्तीचं ऑइल सिरिंजने काढून घेऊ?

स्पॅनर_१३:
थांबू नका. ऑइल आपोआप वाढत नसतं, ते डिझेल आहे.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. त्यासाठी बऱ्याच इंजिनांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पॉवर स्ट्रोकच्या शेवटाकडे थोडं जादा डिझेल सोडतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. सहा किमीवर गाडी बंद झाली की रीजन, म्हणजे हे काजळी जाळणं, अर्धवट राहतं आणि पुढच्या फेरीला परत सुरू होतं. काजळी तशीच, डिझेल मात्र दर वेळी खाली. पेट्रोल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं, डिझेल तसं सहज उडत नाही.

ऑइल पातळ झालं की क्रँकच्या बेअरिंगमधला आणि टर्बोच्या शाफ्टवरचा थर पातळ होतो. इंजिन लगेच आवाज करत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. पातळी फारच चढली तर ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली वाफ सोडणाऱ्या नळीतून, इंजिनात हवा जाते त्या इनटेकमध्ये जातं. तेव्हा इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही.

घाटमाथा:
सिरिंजचा उपाय फसवा आहे. वरचं काढलंत तरी खाली उरलेलं ऑइल तितकंच पातळ राहणार. हिशेब करा: बऱ्याच गाड्यांत मिन ते मॅक्स म्हणजे साधारण १ लिटर. दोन खुणांत २० मिमी अंतर असेल, तर ५ मिमी म्हणजे पाव लिटर. इंजिनाने मधल्या काळात थोडं ऑइल खाल्लं असेल, तर डिझेल त्याहूनही जास्त. दहा टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळलं की ३० ग्रेडचं ऑइल त्याहून पातळ अशा २० ग्रेडसारखं वागू शकतं. वरून जाड ऑइल ओतून भरपाई करायलाही जाऊ नका. फिल्टरसकट पूर्ण बदला.

कोथरूडकर:
ठीक, या आठवड्यातच बदलतो. ट्रकचं १५डब्ल्यू-४० स्वस्त मिळतंय, चालेल?

स्पॅनर_१३:
अजिबात नाही. डीपीएफला लो-सॅप्स, म्हणजे कमी राख करणारं ऑइलच हवं. मॅन्युअलमध्ये एसीईए (ऑइलचं युरोपीय मानक) सी२ किंवा सी३ लिहिलेलं असेल, डब्यावर तेच शोधा. त्या दोन्हींत सल्फेटेड अ‍ॅशची, म्हणजे राखेची, मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रकच्या बऱ्याच ऑइलमध्ये राख याहून जास्त असते. काजळी जळते, राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

बदलताना इंजिन गरम असू द्या, गाडी सपाट जागेवर लावा, ड्रेन नटचा वायसर नवा टाका. फिल्टर काडतुसाचा असेल तर झाकणाची ओ-रिंगही नवी, ऑइलचं बोट फिरवून बसवा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा २०० मिली कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटांनी पातळी बघून उरलेलं हळूहळू घाला. मिन-मॅक्सच्या पाऊण भागावर थांबा, काठोकाठ भरू नका.

घाटमाथा:
आता सवयीचं. आयडलिंग नेहमीपेक्षा चढलेलं, उभ्या गाडीत पंखा जोरात, जळकट वास: ही रीजन चालू असल्याची लक्षणं. तेव्हा घराशी पोचलात तरी बंद करू नका, एक फेरी मारा. आठवड्यातून एकदा पहाटे चांदणी चौकातून बायपासला लागा, ६०च्या वर, २,००० आरपीएमच्या आसपास, २० मिनिटं. डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीत रीजन करायची वेळ आली, तर त्यानंतर ऑइलची पातळी लगेच तपासून घ्या, कारण त्यातही डिझेल खाली उतरू शकतं.

तुमच्या वापराला १०,००० किमी विसरा. ५,००० किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. आणि डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी, नेहमी सकाळी, त्याच जागी, गाडी सुरू करण्याआधी. आकडा डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहा. मॅक्सच्या वर गेली की तारीख न बघता बदलायची.